बाहेरून लावलेली कडी

१

द्राक्षबागेत एक घर कुशीवर पडलं होतं.

पांढरं, देखणं, चाकांवरचं घर. पिकअपच्या मागे जोडून कुठंही न्यावं, सावलीत उभं करावं, पाय पसरून झोपावं. शहरातली माणसं त्याला कॅराव्हान म्हणतात. गावानं त्याला डबा म्हटलं. वणीच्या पुढं उतारावर तो डबा पिकअपपासून सुटला, रस्ता सोडून बागेत घुसला आणि नुकत्याच छाटलेल्या वेलींच्या तारांत गुंतून आडवा झाला. फुटक्या खिडकीतून फुलाफुलांचा पडदा बाहेर आला होता. वारा त्याला एक क्षण स्वस्थ बसू देत नव्हता.

आत कुसाबाई होती.

फौजदार ज्योत्स्ना गायधनी पोहोचली तेव्हा कुसाबाईला बाहेर काढून बांधावर निजवलं होतं. अंगावर कुणाची तरी शाल. शालीखालून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. सणाचं लुगडं. घटस्थापनेचा दिवस होता.

“काय झालं?” ज्योत्स्नानं विचारलं.

पुढं आला तो योगेश. ज्योत आणणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आणि कुसाबाईचा पुतण्या. रडून डोळे लाल, गळ्यात भगवा गमछा.

“दरवर्षी आमची पोरं गडावरून ज्योत पळत आणत्यात, मॅडम. संध्याकाळच्या आत ज्योत गावात आली की मग घट बसतात. औंदा सामानाला म्हणून हा डबा भाड्यानं घेतला. थांबलं की पोरांनी पाठ टेकायची. चालताना आत कुणी बसायचं नाय, हे ठरलेलं. बाया जीपमध्ये होत्या. काकू कधी चढली, देवीला ठाऊक. मागं कंदिलापाशी जाऊन बसली आसंल, कुणाला न सांगता. आन् या गड्यानं हूक धड लावला नाय.”

“कसला कंदील?”

“मशाल विझली तर? म्हणून एक ज्योत कंदिलात राखीव ठेवतो आम्ही.”

‘हा गडी’ म्हणजे पिकअपचा ड्रायव्हर बुधा. पेठकडचा डोंगरातला माणूस. पोलिसांच्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. ओठ फुटलेला. तो उतारावर फुटला नव्हता, गर्दीनं फोडला होता.

ज्योत्स्ना डब्याभोवती फिरली. दाराची बाजू वर, आभाळाकडं झाली होती. दारावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: गाडी चालू असताना आत बसू नये.

“दार कुणी उघडलं?”

“मी.” मशाल घेऊन पळणाऱ्यांतला दत्तू. उंच, काटक, छाती अजून धपापत होती. “पहिला मीच पोचलो. वर चढलो, कडी काढली, आत उडी टाकली. पर तवर...”

“थांबा. कडी काढली म्हणजे?”

“बाहेरून लावलेली होती ना.”

ज्योत्स्नानं दाराकडं पाहिलं, मग बांधावरच्या शालीकडं. गुपचूप आत चढलेल्या म्हातारीनं स्वतःच्या मागं बाहेरची कडी लावली कशी?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा ठाण्याच्या पटांगणात आणला होता आणि अंबडहून रंगनाथ आला होता. डबा त्याच्याच कारखान्यात बनलेला. आल्या आल्या त्यानं हात जोडले.

“वेल्डिंग माझं आहे, मॅडम. चूक असेल तर गळ्यात घ्यायला आलोय. फक्त आधी बघू द्या.”

तो हुकापाशी उकिडवा बसला. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्याचा आवाज बदलला.

“हे सुटलेलं नाही. फाटलेलं आहे.”

“फरक काय?”

“लॉक विसरलं असतं तर हूक नुसता निसटला असता, ओरखडाही आला नसता. इथं लॉक जागच्या जागी आहे आणि तोंड वरच्या अंगाला उकललंय. डब्याचं पुढचं टोक वर उसळत होतं, मॅडम. डावीकडं, उजवीकडं, वर. बराच वेळ. शेवटी लोखंडानं हात टेकले.”

“कशानं?”

“मागं वजन गेलं की असंच होतं. जड सामान पुढं पाहिजे, हुकाकडं. मागं गेलं की डबा झोपाळ्यासारखा हेलकावे घेतो, आणि उतारावर वेग आला की मग गाडी डब्याला ओढत नाही, डबा गाडीला ओढतो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की संपलंच. म्हणून तर आत माणूस बसवायचा नाही. पट्टा नाही, दांडी नाही, भिंती प्लायवूडच्या. चालत्या डब्यात माणूस आणि नारळाचं पोतं सारखंच.”

ज्योत्स्ना दारातून वाकून आत शिरली. पुढच्या टोकाला छोटा ओटा आणि त्याच्या भिंतीला लागून संडासाची खोली. मागच्या टोकाला पलंग आणि मोठी खिडकी.

“संडास पुढं का?”

“गिऱ्हाइकांना झोपून डोंगर बघायचा असतो. मग पलंग मागं, संडास पुढं.”

पुढच्या जमिनीवर कड्या होत्या. त्यांत दोऱ्या अडकलेल्या. ज्योत्स्नानं एकेक दोरी ओढून पाहिली. एकही तुटलेली नव्हती. गाठी सोडलेल्या होत्या, सावकाश, नखानं. आणि मागं, पलंगाच्या पायाशी, फरशीच्या कागदावर चिखलाची दोन गोल वळी उमटली होती. पाण्याच्या ड्रमांच्या बुडांची.

“भरलेला ड्रम एका बाईला हलवता येईल?”

रंगनाथला हसू आलं, ते त्यानं लगेच आवरलं. “दोघं लागतात. तेही ढकलत ढकलत.”

३

ठाण्याच्या पायरीवर बुधाची बायको भागीबाई बसली होती. रात्रभर तिथंच होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची आणि मान खाली घालायची. दुपारी बुधाला कोर्टात उभं करायचं होतं. निष्काळजीपणानं माणूस मारला म्हणून. तुरुंग झाला तर झालाच, पण लायसन गेलं की पुन्हा कुठल्या तरी बागेत पाटी उचलणं आलं, आणि बागेतसुद्धा ‘तो म्हातारी मारणारा’ म्हणून ओळखणार.

“सामान कुठं ठेवलं होतंस?” ज्योत्स्नानं बुधाला विचारलं.

“पुढं. रंगनाथशेठनी शिकवलंय तसं. दोन्ही ड्रम, नारळाची पोती, समदं पुढं बांधलं. कंदीलबी पुढंच, ओट्याच्या कोनाड्यात, हलू नाय म्हणून बांधला.”

“मग?”

“नांदुरीला, गडाखाली, हे समदं केलं आणि न्याहारीला गेलो. आलो तर दार नुसतं लोटलेलं. कडी घातली न् निघालो.”

“आत बघितलं नाहीस?”

बुधानं खाली पाहिलं. “नाय. ही माझी चूक. ती मी कुणावर टाकत नाय.”

“रस्त्यात काही जाणवलं?”

“वणीपर्यंत पोरांच्या मागं सावकाश होतो. वणीच्या जरा अलीकडं चहाची जागा धरायला पुढं काढली, तवा मागून कुणीतरी शर्ट धरून ओढतंय असं वाटलं. चहाला थांबलो. मी जरा टपरीमागं जाऊन आलो. आल्यावर योगेशभाऊला इचारलं, आत कुणी नाय ना? ते म्हनले, रिकामं हाय, हाण पुढं, गावात जाऊन तयारी लावायचीय. मी हाणली.”

“योगेश म्हणतात, त्यांना माहीतच नव्हतं ती आत आहे.”

“आसंल तसंच.” बुधा म्हणाला. “मोठी माणसं हायत. त्यांच्या घरातलं माणूस गेलं, मॅडम. मी काय बोलू?”

ज्योत्स्ना खुर्चीत बसू शकली नाही. टेबलावरचा चहा साय धरून गार झाला. खिडकीतून वारा येत होता आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफड करत होतं. तिनं ते उलटं करून टांगलं, तरी आवाज थांबला नाही. तिनं गाडीची किल्ली उचलली.

४

लासलगावच्या अलीकडंच कुसाबाईचं गाव. मळ्यांतून कांद्याची रोपं हिरवी झाली होती आणि घराघरांत घटांच्या मातीत धान्य पेरून झालं होतं. कुसाबाईच्या घरी सुतक. परडी तशीच कोरडी, माती बाजूला पोत्यावर.

दत्तू देवळाच्या ओट्यावर तळपायांना तेल लावत बसला होता. पळून पळून पाय फोडांनी भरलेले.

“कुसाबाई डब्यात आहे, हे तुला पळताना कळलं होतं?”

दत्तूनं तेलाची वाटी खाली ठेवली. “कळलं होतं. सगळ्याच पोरांना. ती गात होती ना.”

“काल का नाही सांगितलंस?”

“कुणी इचारलं नाय. आन् योगेशभाऊ म्हनले, उगाच काय बोलू नका, देवीच्या कामाला बट्टा लागंल.”

“काय गात होती?”

दत्तू लाजला. मग हळू आवाजात, पळणाऱ्या माणसाच्या ठेक्यात, त्यानं म्हणून दाखवलं:

“गडावरून निघाली, आई उतरते घाट,
तिच्या दिव्याला गं बाई, देऊ कशी मी पाठ.”

“आमच्या पायांना लय बळ आलं त्यानं.” तो म्हणाला. “रस्ता कळलाच नाय.”

ज्योत्स्नाला घरचं जातं आठवलं. तिची आई आणि मावशी जात्यावर समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचा हात. आई पहिली ओळ टाकायची आणि श्वास घ्यायची. तो श्वास घेईपर्यंत मावशी दुसरी ओळ उचलायची. ओवी अशीच चालते. एकीची ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही, दुसरीनं झेलायची.

“दत्तू, सारखी गात होती? न थांबता?”

“सारखी.”

“सत्तरीची बाई. दम नाही लागला?”

“नाय ना. एक ओळ झाली की...” दत्तू बोलता बोलता थांबला. त्याचे तेलकट हात मांडीवर तसेच राहिले.

“एक ओळ झाली की काय?”

“दुसरी ओळ दुसऱ्या आवाजात यायची, मॅडम. बारीक आवाज. तरण्या बाईचा.”

“आणि वणीच्या पुढं?”

“पुढं डबा लांब गेला. पण चहापाशी आम्ही पोचलो तवा तो निघतच होता. तवा एकच आवाज होता. पहिली ओळ म्हनायची, थांबायची. मग दुसरीबी तीच म्हनायची.”

५

कुसाबाईची सून उज्वला मागल्या दारी भांडी घासत होती. घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती. तिचा नवरा अंबडला कंपनीत असतो. तो रात्री आला होता आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता.

ज्योत्स्ना राखेशेजारी उकिडवी बसली.

“सासूबाई ओवी टाकायच्या, तेव्हा दुसरी ओळ तुम्हीच घ्यायचात ना?”

उज्वलाच्या हातातून पातेलं सुटलं. गडगडत भिंतीपर्यंत गेलं.

“मी योगेशभाऊंच्या मोटरसायकलवर होते.”

“वणीपासून. त्याआधी?”

उज्वलानं पदर दातांत धरला. मग बोलली ते बांध फुटल्यासारखं.

“आत्या म्हणाल्या, ज्योत एकटी कशी पाठवायची? पाहुणी घरी येते तर तिच्याशेजारी कुणी बसायला नको? दोघी चढलो. बघतो तर कंदील कुठं? संडासाच्या भिंतीला. पाण्याचे ड्रम तिथंच, प्रसादाचे नारळ तिथंच. आत्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, बाई गं, देवीला कुणी मोरीशेजारी बसवतं का? आम्ही दोरी सोडली. ड्रम ढकलत मागं नेले. पोती नेली. कंदील मागच्या खिडकीत ठेवला, चांगल्या उजेडाच्या जागी. हळदकुंकू वाहिलं. आत्या लय खुशीत होत्या, मॅडम. म्हणाल्या, आता कसं घर झालं.”

ज्योत्स्नानं डोळे मिटले. कुठलीही वाकडी बुद्धी नव्हती यात. कुठल्याही घरातल्या बायांनी हेच केलं असतं. तिच्या आईनं केलं असतं.

“मग?”

“वणीच्या अलीकडं गाडी पळाली आणि डबा असा हलायला लागला... पाळणा कुणी रागानं ढकलावा तसा. मला गरगरलं. थांबल्यावर मी खिडकी बडवली. उतरले आणि रस्त्यातच ओकले.”

“कडी बाहेरून होती. बुधानं घातलेली. मग दार कुणी उघडलं?”

उज्वलानं ओसरीकडं पाहिलं, मग अंगणाच्या फाटकाकडं. तिथं योगेश नुकताच येऊन उभा राहिला होता.

“वहिनी,” तो शांतपणे म्हणाला, “मॅडमना चहा टाका.”

६

“चहा नको,” ज्योत्स्ना उठली. “तुम्ही बसा. एक गोष्ट विचारायची राहिली. काल तुम्ही म्हणालात, काकू मागं कंदिलापाशी बसली असेल. कंदील मागं होता, हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हंजे? कंदील डब्यातच होता.”

“डब्यात होता, पण पुढं. बुधानं ओट्यावर बांधला होता. तुम्ही पोहोचलात तेव्हा तो फुटून बागेत पडला होता. मागच्या खिडकीत तो फक्त नांदुरीपासून अपघातापर्यंत होता. तेवढ्या वेळात ज्यानं दार उघडून आत पाहिलं, त्यालाच ते माहीत.”

“पोरं बोलत होती, त्यांच्याकडून ऐकलं आसंल.”

“पोरांनी आवाज ऐकला. आत डोकावलं कुणीच नव्हतं. बुधा टपरीमागं गेला होता. उज्वलाताई आत कोंडलेल्या. त्यांना बाहेर काढायला कुणीतरी बाहेरून कडी काढली. आणि त्या उतरल्यावर कुणीतरी ती पुन्हा लावली. आत म्हातारी बसलेली दिसत असताना.”

योगेश हसण्याचा प्रयत्न करत होता. “वहिनीनंच लावली आसंल. ड्रम बी तिनंच हलवले ना? मग आता काय सांगू गावाला, सुनंनं सासू मारली?”

ओसरीवर उज्वलाच्या नवऱ्यानं मान वर केली.

“बघा,” ज्योत्स्ना हलकेच म्हणाली, “ड्रमांचं मी तुमच्यासमोर कुठं बोलले? ते डबा आतून बघितलेल्यालाच ठाऊक.”

अंगणात कोंबड्या मातीत खुडबुड करत होत्या. वाऱ्यानं दोरीवरचं लुगडं सारखं उडत होतं आणि कुणीच ते सावरत नव्हतं. उज्वला उठली. राखेचे हात तसेच.

“मी सांगते.” ती नवऱ्याकडं बघत बोलली. “मी उतरले आणि भाऊंना म्हणाले, डबा लय हलतोय, आत्यांना उतरवा, मला भीती वाटती. भाऊ आत्यांना म्हणाले, चल काकू. आत्या म्हणाल्या, मी ज्योत सोडून येत नाय. भाऊ म्हणाले, बरं बस, तयारीला उशीर होतोय. आणि कडी लावली. मी म्हणाले, निदान बुधाला सांगा, हळू चालव म्हणून. तर म्हणाले, त्याला कळलं तर तो गाडीच हलवणार नाय, नियम सांगत बसंल. आन् रात्री मला म्हणाले, तू गप्प राहिलीस तर तुझ्या ड्रमांचंबी कुणाला कळणार नाय.”

“काकूच उतरत नव्हती!” योगेशचा आवाज फाटला. “मी काय तिला ओढून काढू? मला वाटलं, तासाभराचा रस्ता, काय होतंय. माझी सख्खी काकू होती ती. मी मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम नाही केलंत.” ज्योत्स्ना म्हणाली. “पण बुधानं तुम्हाला विचारलं. आत माणूस आहे एवढं म्हणाला असतात तर त्यानं गाडी हलवली नसती. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणूनच तुम्ही ‘रिकामं’ म्हणालात. आणि मग त्याला मार खाताना बघत उभे राहिलात.”

योगेशनं गमछा गळ्यातून काढला, हातात गुंडाळला, पुन्हा सोडला. मग तो तुळशीच्या कठड्यावर बसला तो बसलाच.

उज्वला गाडीपर्यंत ज्योत्स्नाच्या मागं आली.

“खरं सांगा, मॅडम. माझ्या हातानं गेल्या का आत्या?”

ज्योत्स्नाला सोपं उत्तर देता आलं असतं. “ड्रम मागं गेले म्हणून डबा हलला. ते तुम्हाला सांगावं लागेल आणि मला लिहावं लागेल. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, हेही लिहीन. पण हलतोय हे कळल्यावर तुम्ही थांबवा म्हणालात. तिथं गाडी थांबली असती तर त्या आज असत्या.”

उज्वलानं मान हलवली. रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, “मी ठाण्यात जाते. बुधाला कोर्टात न्यायच्या आत.” नवरा उठला. चपला शोधू लागला, आणि तिच्या आधी गाडीत जाऊन बसला.

ठाण्याच्या पायरीवर भागीबाई तशीच होती. उज्वला तिच्यासमोर थांबली.

“तुमच्या मालकांचा दोष नव्हता. मला कालच माहीत होतं.”

भागीबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. राखेचे हात पाहिले, पांढरं पडलेलं तोंड पाहिलं.

“काल बोलली असतीस तर त्याला मारलं नसतं,” ती म्हणाली.

“हो,” उज्वला म्हणाली.

भागीबाई पायरीवर थोडी सरकली, आत जायला वाट करून दिली. उज्वला आत गेली, टेबलासमोर उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आत तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.